शिअर तेच, पेशीही त्याच. मग उत्तर वेगळे का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ आधी मांडतो, म्हणजे पुढचे बोलणे कशाविषयी आहे ते इतर वाचकांनाही कळेल. नाळेतील शिरेतून काढलेल्या एन्डोथेलियल पेशी, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी, तुम्ही काचेच्या अरुंद चॅनेलमध्ये जिलेटिनवर वाढवल्या आणि त्यांच्यावरून दर चौरस सेंटिमीटरला १२ डाइन इतक्या शिअरचा, म्हणजे घासून पुढे ओढणाऱ्या जोराचा, प्रवाह सोडला. चोवीस तासांत त्या लांबट झाल्या आणि प्रवाहाच्या दिशेने ओळीत लागल्या. खऱ्या धमनीच्या अधिक जवळ जावे म्हणून दुसऱ्या खेपेला तुम्ही काचेवर पॉलिअ‍ॅक्रिलमाइडच्या मऊ जेलचा थर दिला, त्यावर फायब्रोनेक्टिन हे प्रथिन लावले आणि आकडा १२च ठेवला. या वेळी पेशी गोलसर राहिल्या आणि सहा तासांच्या नमुन्यात दाहाच्या खुणाही सापडल्या. तुमचे गाइड म्हणतात, पंप तपासा. तुम्ही विचारता की आकडा एकच असताना उत्तरे दोन का आली, आणि त्यांतले कोणते उत्तर खऱ्या धमनीचे मानायचे.

पंप तपासायला हवाच, त्याकडे मी येईन. मुंबईत गेली पंचवीस वर्षे याच पेशी वाढवून आणि बिघडवून माझे जे मत बनले आहे, ते मात्र आधी सांगतो. आपण वहीत जो आकडा लिहितो तो पेशीला माहीत नसतो. आपल्यावरून काहीतरी सरकते आहे, ते एकाच दिशेला सरकते आहे की मागेपुढे हेलकावते आहे, आपण ज्यावर उभ्या आहोत ते कडक आहे की मऊ, पायाखाली कोणते प्रथिन आहे, शेजारीण घट्ट धरून आहे की नाही, आणि कालपर्यंत आपण कोणत्या वातावरणात होतो, एवढेच तिला कळते आणि हे सगळे तिला एकदमच कळते. त्यामुळे ‘१२ डाइनला पेशी काय करते’ हा प्रश्न अर्धाच राहतो. कशावर बसलेली, कुठून आलेली आणि किती वेळ प्रवाहात राहिलेली पेशी, हे सांगितल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

ही ताकद मुळात किती लहान आहे, याचा अंदाज आधी घ्या. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत शिअर स्ट्रेसला कर्तन प्रतिबल म्हणतात, प्रयोगशाळेत मात्र सगळे नुसते ‘शिअर’ म्हणतात. अर्थ साधा आहे: वाहणारे रक्त भिंतीला घासून पुढे ओढते ती ओढ. निरोगी मोठ्या धमन्यांत ती साधारणपणे चौरस सेंटिमीटरला १० ते २० डाइन, म्हणजे १ ते २ पास्कल असते. शिरांमध्ये ती बरीच कमी, बहुधा १ ते ६ डाइन इतकी असते. याच भिंतीवरचा रक्तदाब १२० मिलिमीटर पारा धरला, तर तो सुमारे १६,००० पास्कल होतो, म्हणजे शिअर त्याच्या जवळपास दहा हजारावा भाग. झेरॉक्ससाठी आपण ८० जीएसएमचा कागद वापरतो. त्याचे दोन ताव टेबलावर एकमेकांवर ठेवले तर टेबलावर जेवढा दाब पडेल, साधारण तेवढीच ही ओढ आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक भिंत ताणली जात असताना, त्या प्रचंड दाबाखाली, दोन कागदांच्या वजनाएवढी तिरकी ओढ ही पेशी वेगळी ओळखते. ओळखते म्हणूनच एवढा सगळा अभ्यास उभा आहे.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण आवश्यक आहे. मुंबईत रुग्णाला ब्लॉकेज समजावून सांगताना बहुतेक जण नाल्याचे उदाहरण देतात: वळणावर पाणी मंदावते, गाळ साचतो, नाला तुंबतो, आणि पावसाळ्याआधी सफाई केली नाही तर हिंदमाताला कमरेएवढे पाणी. उदाहरण चटकन पटते, कारण चित्रातला एक भाग खरा आहे. ग्रीवा धमनी, म्हणजे मानेतली मोठी धमनी, कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीला दोन फाट्यांत विभागते. तिथे आतल्या फाट्याच्या सुरुवातीला एक फुगीर भाग असतो. त्याच्या बाहेरच्या भिंतीजवळ प्रवाह मंदावतो आणि ठोक्यागणिक मागेपुढे हेलकावतो, आणि चरबीचे थर नेमके तिथेच धरतात. समोरची, जिच्यावर प्रवाह जोरात आपटून दुभंगतो ती भिंत बराच काळ स्वच्छ राहते. हृदयाच्या धमन्यांच्या फाट्यांजवळ, महाधमनीच्या कमानीच्या आतल्या वळणावर आणि मूत्रपिंडांच्या धमन्यांखालच्या पोटातील महाधमनीतही असेच दिसते. मात्र चरबी तिथे गाळासारखी वरून येऊन बसत नाही. मंद, दिशाहीन प्रवाहात अस्तराच्या पेशीच आपले वागणे बदलतात: त्यांच्यातले जोड सैलावतात, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, खाली झिरपते, आणि पेशी आपल्या पृष्ठभागावर व्हीकॅम-१ सारखे चिकट रेणू उभारून रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना आत बोलावून घेतात. नाल्याची भिंत गाळाला आमंत्रण देत नाही. रक्तवाहिनीची भिंत देते.

हे समजायला वैज्ञानिकांनाही वेळ लागला. १९६८ मध्ये फ्राय यांनी कुत्र्याच्या महाधमनीवर प्रयोग करून दाखवले की फार जास्त शिअरने अस्तर खरवडले जाते, आणि त्यावरून जोराचा प्रवाह हाच शत्रू असावा असे वाटले. पुढच्याच वर्षी कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट निरीक्षण मांडले की थर जिथे धरतात तिथे शिअर कमी असते. १९८५ मध्ये कू, गिडन्स, झरिन्स आणि ग्लॅगॉव्ह यांनी ग्रीवा धमनीच्या फाट्यात प्रवाहाची मापे आणि थरांच्या जागा शेजारीशेजारी ठेवून तो कौल पक्का केला. त्यांनी शिअरच्या कमी असण्याबरोबर त्याच्या दिशा बदलण्यालाही महत्त्व दिले. म्हणजे आकड्याइतकाच, कदाचित त्याहून जास्त, त्याचा ढंग मोलाचा आहे. तुमच्या पंपाचा मुद्दा इथेच येतो. साधा पेरिस्टाल्टिक पंप, म्हणजे फिरत्या रोलरने नळी दाबत द्रव ढकलणारा, रोलरच्या प्रत्येक फेऱ्याला धक्का देतो आणि रोलर सुटताना क्षणभर द्रव मागेही ओढतो. मध्ये धक्का शोषणारी हवेची बाटली नसेल, तर सरासरी १२ असूनही पेशी वेगळाच प्रवाह अनुभवत असते. गाइडना म्हणूनच पंपाची शंका आली असावी, आणि ती रास्त आहे. पण पहिल्या खेपेला पंप तोच होता ना?

पेशी हे सारे ओळखते कशाने, यावर एकच एक उत्तर नाही, आणि असेल असे मला वाटतही नाही. वरच्या बाजूला ग्लायकोकॅलिक्स नावाची साखर-प्रथिनांची लव असते. त्यातील हेपारान सल्फेटचे तंतू प्रवाहात वाकतात आणि ओढ आत पोहोचवतात. पटलात आयन जाऊ देणाऱ्या वाटा असतात. त्यांतली पीझो१ ही २०१० मध्ये सापडली, तिच्या शोधासाठी आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले, आणि २०१४ मध्ये उंदरांवरील कामातून दिसले की ती नसेल तर गर्भात रक्तवाहिन्यांची बांधणीच नीट होत नाही. शेजारणींना जोडणाऱ्या सांध्यात पेकॅम-१, व्हीई-कॅडहेरिन आणि व्हीईजीएफ-आर२ या प्रथिनांचे त्रिकूट असते. २००५ मध्ये झीमा व सहकाऱ्यांनी दाखवले की हे तिन्ही दिले, तर एरवी प्रवाहाला दाद न देणारी पेशीही दाद देऊ लागते. आणि खालच्या बाजूला इंटेग्रिन ही पकडीची प्रथिने असतात, ज्यांनी पेशीने आपली जमीन धरलेली असते. वर ओढ पडली की सांगाड्यातून ताण खाली पोहोचतो आणि जमीन धरलेल्या जागी नवे इंटेग्रिन जागे होतात. तुमच्या दोन प्रयोगांतला फरक मला प्रामुख्याने याच खालच्या टोकाला दिसतो.

उत्तर कधी मोजले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि तरुण संशोधकांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. प्रवाह सुरू झाल्यावर काही सेकंदांतच पेशीत कॅल्शियम वाढते आणि वाहिनी सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड सुटू लागते. ही अस्तराचीच करामत आहे, हे कळले ते १९८० मध्ये, जेव्हा फर्चगॉट आणि झवाड्झ्की यांनी दाखवले की सशाच्या महाधमनीचा तुकडा अ‍ॅसिटिलकोलीनने सैल पडतो तो अस्तर शाबूत असेल तरच, आणि तयारी करताना आतली बाजू घासली गेली असेल तर सैल पडत नाही. त्यानंतर काही मिनिटांत सिग्नल देणारी प्रथिने जागी होतात, काही तासांत जनुके बदलतात, आणि आकार बदलायला बहुधा एक दिवस लागतो. आता गंमत अशी की सरळ, एकसारखा, अगदी ‘निरोगी’ प्रवाहसुद्धा पहिल्या काही तासांत एनएफ-कॅपा-बी हा दाहाचा मार्ग जागा करतो. पेशी जसजशी जुळवून घेते तसतसा तो शांत होतो आणि केएलएफ२ व केएलएफ४ हे संरक्षक नियामक वर राहतात. प्रवाहाची दिशा सतत बदलत राहिली, तर पेशीला जुळवून घ्यायला काही सापडतच नाही आणि दाह शांत होत नाही. तुम्ही दाहाची चाचणी सहाव्या तासाला घेतली आहे. त्या वेळेचा निष्कर्ष चोवीस तासांच्या आकाराशेजारी मांडणे म्हणजे लग्नाच्या मांडवातला गोंधळ पाहून संसाराचे अनुमान काढणे होय.

जुळवून घेणे हा शब्द मी सहज वापरलेला नाही. प्रत्येक रक्तवाहिनीचे शिअरचे एक नेमके अपेक्षित मूल्य असते आणि ते टिकवण्यासाठी ती आपला व्यास बदलते. शिअर त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून त्रिज्या दहा टक्के कमी झाली आणि प्रवाह तोच राहिला तर शिअर सुमारे ३७ टक्के वाढते. याचाच दुसरा अर्थ असा की व्यासात थोडासा बदल करून वाहिनी शिअर पूर्ववत आणू शकते. १९८६ मध्ये लँगिल आणि ओडॉनेल यांनी सशाच्या ग्रीवा धमनीतला प्रवाह कमी करून पाहिले. काही दिवसांत धमनी अरुंद झाली, पण अस्तर काढून टाकलेल्या धमनीत हे घडले नाही. हे अपेक्षित मूल्य सगळीकडे सारखे नसते. २०१५ मध्ये बेयन्स व सहकाऱ्यांनी दाखवले की ते ठरवण्यात व्हीईजीएफ-आर३ चा वाटा आहे, आणि ज्या लसिकावाहिन्यांच्या पेशींत हे प्रथिन भरपूर असते त्या खूपच कमी शिअरला समाधानी असतात. तुमच्या पेशींना १२ हा आकडा पुरेसा वाटतो की जादा, हे म्हणून आधी ठरवावे लागते.

आता जमिनीकडे येतो, कारण तुमच्या प्रयोगाचे मर्म मला तिथे दिसते. निरोगी धमनीत अस्तराखाली लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारच्या कोलॅजनची पातळ पटलिका असते. फायब्रोनेक्टिन तिथे फारसे नसते. ते येते ते जखमेच्या वेळी, आणि चरबीचे थर धरण्याच्या जागांवर अगदी सुरुवातीच्या टप्प्यात. २००५ मध्ये ऑर व सहकाऱ्यांनी तोच प्रवाह, त्याच पेशी आणि फक्त पायाखालचे प्रथिन वेगळे, असा प्रयोग केला. फायब्रोनेक्टिनवरच्या पेशींत प्रवाहाने एनएफ-कॅपा-बी जागे झाले, कोलॅजन वा लॅमिनिनवरच्या पेशींत झाले नाही. म्हणजे प्रवाहाचा अर्थ लावताना पेशी आपल्या पायाखाली पाहते. जमीन जखमेची असेल तर तोच प्रवाह तिला धोक्याचा वाटतो. तुम्ही मऊ जेलवर फायब्रोनेक्टिन लावले तेव्हा, नकळत का होईना, पेशीला जखमेवर बसवले. तुमचे जिलेटिनही अगदी निर्दोष होते असे नाही, कारण जिलेटिन म्हणजे मोडलेले कोलॅजन, त्याला सीरममधले फायब्रोनेक्टिन आवडीने चिकटते आणि पेशी स्वतःचेही फायब्रोनेक्टिन विणत असतात. तरी दोन्हींत प्रमाणाचा फरक मोठा आहे.

दुसरा फरक कडकपणाचा आहे. काचेचा कडकपणा ७० गिगापास्कलच्या आसपास असतो, नेहमीच्या प्लास्टिकच्या डिशचा ३ गिगापास्कलच्या, तर तुमच्या जेलचा काही किलोपास्कल. म्हणजे काच जेलपेक्षा कोटीपट कडक आहे. निरोगी धमनीचे अस्तराखालचे आवरण जेलच्या घरात येते, काचेच्या नाही. म्हणून जेल घेण्याचा तुमचा विचार योग्यच होता. पण कडक जमिनीवर पेशी जोर लावून ओढते, जाड ताण-तंतू तयार करते, आणि प्रवाहाच्या दिशेने लांब होण्यासाठी तिला हेच तंतू लागतात. मऊ जमिनीवर ते विरळ असतात. माझ्या अनुभवात मऊ जेलवर पेशी ओळीत लागतात, पण सावकाश, आणि पेशींचा थर पूर्ण भरलेला असेल तरच. चोवीस तासांत न दिसलेली ओळ अठ्ठेचाळीस तासांना दिसते. कडकपणाला दुसरी बाजूही आहे. वयाबरोबर धमन्या कडक होतात, आणि २०११ मध्ये ह्युइन व सहकाऱ्यांनी दाखवले की तसा कडकपणा मिळाला की अस्तराच्या पेशी एकमेकींना जास्त ओढू लागतात, सांधे उघडतात आणि अस्तर गळू लागते. म्हणून काचेवर सुंदर ओळीत लागलेल्या पेशी पाहून ही निरोगी धमनी आहे असे मी कधीच म्हणणार नाही. ते ऐंशीच्या घरातल्या धमनीचे अस्तर असू शकते.

इथवर आकडा एकच होता हे मी धरून चाललो. पण तो खरोखर एक होता का? सपाट चॅनेलमध्ये शिअर म्हणजे सहा गुणिले स्निग्धता (द्रवाचा दाटपणा) गुणिले प्रवाह, भागिले रुंदी आणि उंचीचा वर्ग. तुमच्यासारखे ५ मिलिमीटर रुंद, ०.४ मिलिमीटर उंच चॅनेल आणि ३७ अंशांना ०.७५ सेंटिपॉइज स्निग्धतेचे माध्यम, म्हणजे पेशींचे पोषक द्रव, धरले, तर १२ डाइनसाठी मिनिटाला सुमारे १३ मिलिलिटर प्रवाह लागतो. आता काचेवर जेल आले. पॉलिअ‍ॅक्रिलमाइड माध्यमात फुगते, आणि खालून काचेला घट्ट चिकटलेले असल्याने त्याला फुगायला वरचीच दिशा उरते. जेलची जाडी तुम्ही हिशेबात धरली असेल असे मानतो, पण फुगण्याने पोकळीची उंची आणखी फक्त ०.०४ मिलिमीटरने घटली तरी शिअर २३ टक्क्यांनी वाढते, कारण उंचीचा वर्ग खाली आहे. शिवाय जेल मधोमध जास्त आणि कडांना कमी फुगले असेल, तर एकाच चॅनेलमध्ये तीन वेगवेगळे प्रयोग चालू आहेत. उंची मोजायला महागडे यंत्र लागत नाही: सूक्ष्मदर्शक आधी पेशींवर, मग वरच्या झाकणाच्या आतल्या पृष्ठभागावर फोकस करायचा, फिरकीवरचा फरक वाचायचा आणि त्याला माध्यमाच्या अपवर्तनांकाने गुणायचे. हे तीन ठिकाणी करा, आणि प्रयोगानंतर पुन्हा करा.

स्निग्धतेचीही तीच कथा. पाण्याची स्निग्धता ३७ अंशांना ०.६९ सेंटिपॉइज असते आणि २५ अंशांना ०.८९, माध्यमही साधारण असेच वागते. आपल्याकडे एसी पूर्ण वेगाने चालू असलेल्या खोलीत पंप आणि बाटली इनक्युबेटरच्या बाहेर ठेवून नळ्या आत नेण्याची पद्धत सर्रास आहे. लांब नळीतून येणारे माध्यम चॅनेलपर्यंत पुरेसे गरम झाले नाही, तर शिअर पाव हिश्श्याने वर सरकते. वर थंड माध्यम आत जाऊन तापले की त्यातली विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते, आणि एक बुडबुडा चॅनेलमधून गेला की पेशींचा रस्ता झाडूने झाडल्यासारखा मोकळा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये इनक्युबेटरच्या दाराशी जमणारी बुरशी हा आणखी एक त्रास, पण त्याबद्दल मुंबईतल्या कुणाला काही सांगायची गरज नाही.

पेशी कुठून आली, हा मुद्दा वाचणाऱ्यांना किरकोळ वाटतो. मला तो अजिबात किरकोळ वाटत नाही. नाळ हातात घेतली आहे का कधी? वितभर लांबीची, निळसर पांढरी, ओलसर रबरासारखी वस्तू. कापलेल्या टोकाला तीन तोंडे दिसतात, दोन आखडलेल्या धमन्यांची आणि एक ऐसपैस शिरेची. त्या शिरेत नळी बसवून बांधायची, आतले रक्त धुऊन काढायचे, कोलॅजनेज हे पेशी सोडवणारे विकर भरायचे, ३७ अंशांना दहा-पंधरा मिनिटे ठेवायचे आणि हलकेच चोळून बाहेर काढायचे. १९७३ मध्ये जाफी व सहकाऱ्यांनी बसवलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच चालते. बाहेर येणारे पाणी गढूळ असते, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची फरसबंदी दिसू लागते. या पेशी शिरेच्या आहेत, पण ही शीर गर्भात ऑक्सिजनने भरलेले रक्त वाहून नेत होती; म्हणजे त्या ना धड प्रौढ धमनीच्या, ना धड प्रौढ शिरेच्या. प्रत्येक नाळ वेगळ्या बाळाची असल्यामुळे एकाच नाळेच्या तीन डिश म्हणजे तीन नमुने होत नाहीत, तीन नाळा होतात. पाचव्या-सहाव्या पॅसेजनंतर, म्हणजे भरलेल्या डिशमधून नव्या डिशमध्ये तितक्यांदा हलवल्यावर, पेशी पसरट होतात आणि प्रवाहाला दाद देईनाशा होतात. तुमची दुसरी खेप कितव्या पॅसेजची होती, हे तुम्ही लिहिलेले नाही. पेशीचे मूळ किती ठरवते याचे माझे आवडते उदाहरण हृदयाच्या झडपेचे आहे. २००४ मध्ये बुचर व सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीच्या झडपेवरील पेशी प्रवाहात ठेवल्या, तर त्या प्रवाहाला समांतर नव्हे, काटकोनात लांबल्या. त्याच प्राण्याच्या महाधमनीच्या पेशी समांतर लागल्या. ओळीत न लागणे म्हणजे आजारी असणे, हे समीकरण तेव्हापासून मी सोडून दिले.

भोवतालचे द्रव्य हा एक पदर थोडक्यात सांगून पुढे जातो. एम-१९९ माध्यमात साखर लिटरला सुमारे ५.५ मिलिमोल, म्हणजे रक्तचाचणीच्या भाषेत १०० मिलिग्रॅम असते. जादा ग्लुकोजच्या डीएमईएम या दुसऱ्या माध्यमात ती २५ मिलिमोल, म्हणजे ४५० मिलिग्रॅम असते, आणि एवढी साखर घेऊन कुणी ओपीडीत आला तर त्याला घरी पाठवणार नाहीत. वाढलेल्या साखरेने ग्लायकोकॅलिक्स झडते, हे माणसांतही दाखवले गेले आहे. ज्या लवेने प्रवाह ओळखायचा तीच झडली असेल, तर उरलेला हिशेब कितीही अचूक असून उपयोग नाही.

हे सारे फक्त चिपवरचे, म्हणजे आपल्या काचेच्या चॅनेलमधले, नाही, याची खात्री हवी असेल तर कोणत्याही डायलिसिस वॉर्डात जा आणि परवानगी घेऊन रुग्णाच्या मनगटावरच्या फिस्टुलावर तीन बोटे ठेवा. मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. डॉक्टर तिला थ्रिल म्हणतात. १९६६ मध्ये ब्रेशिया आणि सिमिनो यांच्या गटाने मांडलेल्या या शस्त्रक्रियेत मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला जोडतात. एरवी मिनिटाला काही दशक मिलिलिटर नेणाऱ्या त्या मार्गातून सहा आठवड्यांत ६०० मिलिलिटरच्या वर रक्त वाहावे, अशी अपेक्षा असते. शिरेचा बहुतेक भाग शिअर वाढलेले ओळखतो, नायट्रिक ऑक्साइड सोडतो, रुंदावतो, भिंत जाड करतो. पण त्याच रुग्णात, त्याच रक्तात, जोडापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत, जिथे प्रवाह गरकन वळतो आणि भोवरे करतो, तिथे तीच शीर आतून अरुंद होत जाते, आणि फिस्टुला बंद पडण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. बोट जरासे सरकवले की एकाच शिरेच्या पेशींची दोन विरुद्ध उत्तरे लागोपाठ हाताला लागतात.

तेव्हा तुमच्या दोन उत्तरांपैकी खरे कोणते? माझ्या मते दोन्ही खरी आहेत. पहिले कडक, म्हाताऱ्या जमिनीवर जुळवून घेतलेल्या पेशीचे, आणि दुसरे मऊ पण जखमेच्या जमिनीवर अजून जुळवून न घेतलेल्या पेशीचे. निरोगी तरुण धमनीचे उत्तर तुम्ही अजून विचारलेलेच नाही. ते विचारायचे असेल, तर पुढची खेप मऊ जेलवरच करा, पण फायब्रोनेक्टिनऐवजी लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजन लावा. सोबत दोन चिप ठेवा, एक काचेवर फायब्रोनेक्टिनची आणि एक जेलवर फायब्रोनेक्टिनची, म्हणजे कडकपणा आणि प्रथिन यांचा गुंता सुटेल. प्रत्येकीची एक जोडीदार चिप प्रवाहाशिवाय ठेवा. प्रवाह नसताना जेलवरच्या पेशी किती गोल असतात हे माहीत नसेल, तर प्रवाहाने काय केले हे सांगता येत नाही. पेशी तिसऱ्या पॅसेजच्या पुढच्या नकोत, थर पूर्ण भरल्यावर आणखी एक दिवस थांबा, आणि प्रवाह एकदम १२ वर न नेता २ वरून सुरू करून काही तासांत चढवा. नमुने ६, २४ आणि ४८ तासांना घ्या. आकारावर विसंबू नका, केएलएफ२ आणि व्हीकॅम-१ दोन्ही मोजा. ४८ तासांना केएलएफ२ वर आणि व्हीकॅम-१ खाली असेल, तर पेशी गोलसर दिसल्या तरी मला चिंता वाटणार नाही.

आणि गाइडना सांगा की पंपही तपासला: चॅनेलच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून त्यात शाईचा एक थेंब सोडा आणि मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. थेंब पुढे जाताना अडखळत असेल तर हवेची बाटली मोठी करा. तो क्षणभरही मागे येत असेल, तर आधीच्या दोन्ही खेपांचे निकाल बाजूला ठेवावे लागतील.